सामूहिक बागेत सोलर : बॅटरी घ्यावी की टाकी उंच चढवावी?

गवतीचहा
नमस्कार मंडळी. आमची एक सामूहिक बाग आहे, साधारण दोनशे चौरस मीटर लागवड, वीस वाफे, वीस घरं. विजेचं कनेक्शन नाही आणि मिळेल अशी चिन्हंही नाहीत. कोपऱ्यात जमिनीखाली पावसाच्या पाण्याची टाकी आहे, तिच्यातून बादलीने पाणी शेंदून घालतो आणि दर उन्हाळ्यात "पुढच्या वर्षी काहीतरी करू" म्हणतो. यंदा शेवटी सोलर पंप घ्यायचं ठरतंय. एका विक्रेत्याला बोलावलं तर त्याने एक किलोवॉटची पॅनल्स, चार मोठ्या बॅटऱ्या, इन्व्हर्टर आणि घरगुती पंप असं सगळं कागदावर मांडून दिलं. आकडा बघून निम्मे लोक गळाले, उरलेले म्हणतायत एकदाच काय ते नीट करू, दिवे लागतील, मोबाईल चार्ज होतील, कारंजं पण होईल (कारंजं कुणी मागितलं देव जाणे).
मला विजेतलं काही कळत नाही म्हणून इथे विचारतेय. पाण्यासाठी एवढं खरंच लागतं का? कुणी केलंय का असं काही? स्पष्ट लिहा, माझ्याकडून हे सगळं जसंच्या तसं ग्रुपवर जाणार आहे.

खुरपं
वाचतोय. आमच्याकडेही हेच गुऱ्हाळ चालू आहे.

निवांत
कारंज्याला अनुमोदन. हलके घ्या.

तारतम्य
ताई, दोन आकडे द्या. खालच्या टाकीच्या तळापासून पाणी जिथवर चढवायचं तिथवरचं उभं अंतर, आणि रोज लागणारं पाणी. हे दोन न विचारता जो पॅनल सांगतो तो फक्त पॅनल विकतोय.

गवतीचहा
दोरीला दगड बांधून मोजलं. टाकी तीन मीटर खोल. वर दोन मीटरचं स्टँड करून त्यावर टाकी ठेवायची म्हटलं तर तिच्या तोंडापर्यंत एकूण सहा मीटर धरा. पाणी किती लागतं ते कसं सांगू? कुणी तांब्याभर घालतं, कुणी वाफ्याचा तलाव करतं.

कंदमूळ
पाण्याचं मी सांगते. उन्हाळ्यात भाजीच्या वाफ्यातून दिवसाला साधारण ४ ते ५ मिलिमीटर पाणी उडतं, झाडं पितात ते आणि मातीतून जातं ते धरून. १ मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला १ लिटर. तुमचे दोनशे चौरस मीटर गुणिले ५, म्हणजे १००० लिटर. पालापाचोळ्याचं जाड आच्छादन केलंत तर बरंच कमी, आणि आच्छादनाला पॅनल लागत नाही, तेव्हा आधी ते करा.

तारतम्य
आता मांडू. १००० लिटर म्हणजे १००० किलो, सहा मीटर चढवायचं. १००० × ९.८ × ६ = साधारण ५९,००० ज्यूल. वॉट-तासात केलं तर १६. पुन्हा वाचा, सोळा. दहा वॉटचा दिवा दीड तास जळतो तेवढी ऊर्जा. छोटे पंप भिकार असतात, चौथा हिस्सा कामी आला तरी खूप, म्हणून चारने गुणा, ६५ वॉट-तास.
१०० वॉटचं एक पॅनल, ज्याचा आकार अर्ध्या दरवाजाहून लहान, चांगल्या उन्हात दिवसाला चार तास पूर्ण क्षमतेने चालल्याइतकं काम करतं असं धरलं आणि उष्णता-धूळ-वायर असा तीस टक्के तोटा कापला तरी २८० वॉट-तास देतं. म्हणजे गरजेच्या चौपट. त्या गृहस्थांचा एक किलोवॉट गरजेच्या चाळीसपटीच्या पुढे जातो. कारंजं त्यातूनच उगवलं असणार.

गवतीचहा
थांबा थांबा, हे खरं आहे का?? चाळीसपट?

पाचोळा
गणित बरोबर आहे, मी पण करून पाहिलं. पाणी चढवायला ऊर्जा फार कमी लागते, माणसाला जड वाटतं कारण माणूस बादलीसोबत स्वतःलाही उचलतो.

गांडूळराव
मग सोलर तरी कशाला? बैठं काम करणारा साधारण धडधाकट माणूस पायपंपावर सलग ७५ वॉट काढू शकतो. हातपंप-पायपंपाची कार्यक्षमता निम्मी धरली तरी तुमचे हजार लिटर अर्ध्या तासात वर. वीस घरं आहेत, दर घराने महिन्यातून एक-दोनदा अर्धा तास पाय मारले की झालं. चोरी नाही, धूळ नाही, बॅटरी नाही, वर पोट कमी.

चिकूचीफांदी
गांडूळराव, वीस घरांचं वेळापत्रक पाळलं जाईल असं म्हणताय? कुठल्या ग्रहावर बाग आहे तुमची?

गांडूळराव
वेळापत्रक पाळलं जात नाही म्हणून यंत्र, आणि मग यंत्राची निगा राखायला परत वेळापत्रक. बघा बुवा.

कंदमूळ
टोमणा आहे पण मुद्दा खरा आहे. मी तिथे येते नंतर.

उन्हाचा_कवडसा
सगळ्यांना नमस्कार. आमच्या बागेत सोलर पंप आहे, बॅटरीसकट बसवलेला, म्हणून अनुभव लिहितो. बसवणाऱ्याने साध्या गाडीच्या बॅटऱ्या दिल्या होत्या. गाडीची बॅटरी क्षणभर भरपूर करंट द्यायला बनवलेली असते, रोज रिकामी करायला नाही. लेड अ‍ॅसिड बॅटरी, अगदी डीप सायकलवाली (रोज उतरवायला बनवलेली) घेतली तरी, निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य भराभर घटतं. आमच्याकडे रात्री दिवे कुणीतरी चालू ठेवून जायचं, बॅटरी रोज तळाला जायची, वर्ष संपायच्या आत फुगली. त्यानंतर लिथियम आयर्न फॉस्फेट घेतली, ती ऐंशी टक्के उतरवली तरी चालते आणि दोन हजारांच्या वर चक्रं सहज काढते, पण महाग आणि तापमान शून्याखाली गेलं की चार्ज करायची नाही, जिथे कडाका पडतो त्यांनी लक्षात ठेवा. एवढं सगळं करून पाणी आम्ही सकाळीच सोडतो आणि टाकी दिवसाच भरते. रात्री पंपाला काही कामच नसतं. बॅटरी तिथे का आहे हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

तारतम्य
+१००. पाणी चढवून ठेवलं की तीच तुमची बॅटरी. टाकी ना फुगते ना डिस्चार्ज होऊन मरते. ऊन असताना पंप चालवा, पाणी वर साठवा, लागेल तेव्हा नळ सोडा. फक्त पंप, पॅनल आणि मधे एक पंप कंट्रोलर.

शेवाळ
पंप थेट पॅनलला जोडला तर कंट्रोलर कशाला? एक वस्तू कमी.

तारतम्य
दोन कारणं. १२ व्होल्टचं म्हणून विकलं जाणारं पॅनल प्रत्यक्षात काम करताना १८ व्होल्टच्या आसपास असतं आणि मोकळं सोडलं तर २२ ला जातं. १२ व्होल्टच्या मोटरला ते रोज खायला घातलं तर ती फार दिवस काढत नाही. दुसरं म्हणजे सकाळचं कोवळं ऊन. मोटर सुरू व्हायला जास्त करंट मागते, पॅनलकडे तेव्हा तेवढा नसतो, मग मोटर अडकून बसते, फिरत नाही पण करंट खात गरम होत राहते. पंप कंट्रोलर व्होल्टेज उतरवून करंट वाढवून देतो, मोटर हळू का होईना फिरायला लागते. लहानशी डबी असते, वाचवू नका ती.

शेवाळ
ओके पटलं.

पाचोळा
पंपाचा प्रकारही महत्त्वाचा आहे. पंख्याचा म्हणजे सेंट्रिफ्यूगल पंप असेल तर त्याची पाणी चढवायची उंची वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग निम्मा झाला की उंची पावपट. म्हणजे ढग आला की पंप फिरताना ऐकू येतो, पाणी मात्र पाइपात अर्ध्यावर उभं. डायफ्रॅमचा पंप (आतला पडदा हलवून पाणी ढकलणारा) हळू फिरला तर थोडं पाणी देतो पण देतो. मात्र छोटे डायफ्रॅम पंप खालून फार खेचत नाहीत, दोन मीटरच्या आसपास दम संपतो, ढकलतात मात्र छान. ताईंची टाकी तीन मीटर खोल आहे, तेव्हा पंप वर जमिनीवर ठेवून चालणार नाही. आत कठड्यावर बसवा नाहीतर पाण्यात बुडणारा, पॅनलच्या विजेवर चालणारा डीसी पंप घ्या.

गवतीचहा
आत एक कठडा आहे! मधोमध, माणूस उतरताना पाय ठेवायला केलेला.

पाचोळा
मग काम झालं. पाणी तिथवर कधी चढतं का तेवढं बघा, आणि खाली उतरताना एकटं कुणी उतरू नका, झाकण उघडून हवा खेळू द्या बराच वेळ. बंद टाकीत ऑक्सिजन कमी असू शकतो, आत शिरलेल्या माणसाला ते समजेपर्यंत उशीर झालेला असतो. हे गमतीत घेऊ नका.

निवांत
जाता जाता, १९५४ साली बेल लॅब्जने पहिला कामाचा सिलिकॉन सोलर सेल जगाला दाखवला तेव्हा त्यावर एक खेळण्यातला पाळणा फिरवून दाखवला होता. कार्यक्षमता सहा टक्के. आता छपरावरचं चांगलं पॅनल वीस टक्क्यांच्या वर असतं. त्यांचा पाळणा फिरला तर आपलं कारंजंही उडेल, मी आशा सोडलेली नाही.

खुरपं
दोन मीटरच्या स्टँडवरून ठिबकला प्रेशर पुरतं का पण? आमच्याकडे तोच वाद आहे.

तारतम्य
दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब म्हणजे १ बार. दोन मीटर म्हणजे ०.२ बार. बहुतेक ड्रिपर (ठिबकच्या नळीवरची थेंब सोडणारी तोंडं) १ बारला धरून बनवलेले असतात. साध्या ड्रिपरमधून येणारं पाणी प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतं, म्हणजे ०.२ बारला साधारण ४५ टक्के. ताशी ४ लिटरचा ड्रिपर पावणेदोन लिटर देईल. दुप्पट वेळ सोडा, बिघडत नाही. पण प्रेशर कॉम्पेन्सेटिंग (दाब बदलला तरी पाणी सारखंच देणारे) ड्रिपर घेऊ नका, ते इतक्या कमी दाबावर नीट चालतच नाहीत. दुकानदार चांगला माल म्हणून नेमके तेच गळ्यात मारतो.

उन्हाचा_कवडसा
आणि ऑटोमॅटिक व्हॉल्व्ह घेताना जपून. साधे सोलेनॉइड (विजेच्या कॉइलने उघडणारे) व्हॉल्व्ह आतल्या पडद्यावर पाण्याचा दाब पडला तरच उघडतात. टाकीच्या कमी दाबावर कॉइल टक् आवाज करते आणि पाणी येत नाही. आमच्या मंडळींनी कॉइल खराब म्हणून बदलली, मग टायमर बदलला, मग परत कॉइल. मोटरवर फिरणारा बॉल व्हॉल्व्ह घ्यायचा किंवा सरळ हाताने नळ उघडायचा.

कंदमूळ
हाताने. बागेत माणूस आलाच पाहिजे. सगळं ऑटोमॅटिक केलं की वाफ्यावर मावा पडलेला पंधरा दिवस कुणाला दिसत नाही.

चिकूचीफांदी
सहमत नाही. आम्ही सगळे नोकरीवाले, पाणी आपोआप पडतं म्हणून आमच्या बागेत निदान टोमॅटो जगतात. ज्यांना रोज यायला वेळ आहे त्यांनी यावं की. ओलावा मोजणारा सेन्सर लावा, माती ओली असेल तर पाणी सोडू नको एवढं त्याला कळतं. फक्त दोन उघड्या धातूच्या काड्यांचा स्वस्तातला घेऊ नका, त्या मातीत गंजून जातात. कपॅसिटिव्ह प्रकारचा घ्या, त्याचा धातू झाकलेला असतो.

शेवाळ
हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन वजन दोन मीटरवर!! ते स्टँड कोण बांधणार? वाऱ्याने, पोरांनी चढून, जमीन खचून काहीही होईल. एवढ्या चर्चेत पॅनलचा आकार निघाला, टाकीचं वजन कुणी काढलं नाही.

पाचोळा
बरोबर पकडलंत. एकाच मोठ्या टाकीऐवजी दोनशे-दोनशे लिटरची पिंपं विटांच्या भक्कम चौथऱ्यावर एक मीटरवर ठेवली आणि एकमेकांना खालून जोडली तर वजन पसरतं. दाब अजून कमी होईल, मग ठिबकऐवजी जाड पाइपाने सरी भरा. पिंपं काळी किंवा गडद घ्या, प्रकाश आत गेला की शेवाळ माजतं आणि ड्रिपरची भोकं बुजतात. (शेवाळ, तुम्हाला नाही म्हटलं.)

शेवाळ
मी बुजवतोच. सवय आहे.

गवतीचहा
इतके प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. आता एक नवं भांडण सांगते. पॅनल अवजारांच्या खोलीवर लावायचं म्हटलं तर तिच्यावर दुपारनंतर झाडाची एक फांदी सावली टाकते. अर्धे म्हणतात फांदी तोडा, अर्धे म्हणतात फांदीला हात लावलात तर बाग सोडू. एक काका म्हणतात एवढीशी सावली, दहा टक्के पॅनल झाकलं तर दहा टक्के वीज कमी येईल, एवढंच.

तारतम्य
काकांना सांगा असं नसतं. पॅनलमधले सेल एकामागे एक माळेत जोडलेले असतात, एक झाकला की पूर्ण माळेचा करंट अडतो. म्हणून मागच्या डबीत बायपास डायोड (अडलेल्या भागाला वळसा देऊन करंट नेणारे) असतात, मोठ्या पॅनलमध्ये बहुधा तीन. एका ओळीवर सावली पडली की त्या डायोडच्या वाट्याचा पॅनलचा तिसरा हिस्सा बाद. तुमच्या लहान पॅनलमध्ये बहुधा दोनच असतील, म्हणजे एका पानाच्या सावलीत निम्मं पॅनल जाऊ शकतं. पक्ष्याची शीट वाळून बसली तरी हेच, शिवाय तेवढा सेल तापतो ते वेगळं.

कंदमूळ
फांदी तोडू नका. पॅनल हलवा. शंभर वॉटचं तर आहे.

पाचोळा
+१. खांबावर लावा उघड्यावर. फक्त वायर जाड घ्या. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, वीस मीटर अंतर, जाऊन-येऊन चाळीस मीटर, रोध साधारण ०.३ ओहम. ५ अँपिअरला दीड व्होल्ट वाटेतच गेले. घरच्या विजेत दीड व्होल्ट म्हणजे काहीच नाही, बारा व्होल्टात दीड म्हणजे आठवा हिस्सा. ६ चौरस मिलिमीटर घेतली तर तोटा अर्ध्या व्होल्टच्या जरा वर. दिशा विषुववृत्ताकडे, म्हणजे उत्तर गोलार्धात दक्षिणेला, कल साधारण तुमच्या अक्षांशाइतका. अंशाअंशासाठी भांडू नका, पाच-दहा अंशांनी काही फरक पडत नाही.

गांडूळराव
सावलीचं उलटं का नाही करत? पॅनलच्या सावलीत भाजी लावा. कल्पना जुनी आहे, जर्मनीत गोएत्झबर्गर आणि झास्त्रो या दोघांनी १९८१ मध्येच मांडली होती, पॅनल उंचावर लावा आणि खाली बटाटे घ्या. २०१९ साली अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या लोकांचा अभ्यास आला, कोरड्या उष्ण हवेत पॅनलखालच्या चेरी टोमॅटोचं उत्पादन दुप्पट आणि तिथल्या रानमिरचीचं तिप्पट, शिवाय झाडांच्या बाष्पामुळे पॅनलही दिवसा नऊ अंशांनी थंड राहिलं. आणि सिलिकॉन पॅनल २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.४ टक्का वीज गमावतं, कडक उन्हात ६५ अंशांना पोचलं की १६ टक्के गेली. म्हणजे खाली हिरवं असणं पॅनललाही बरं.

चिकूचीफांदी
तुम्ही तर पायपंपवाले होतात ना?

गांडूळराव
माणसाला दोन मतं असू नयेत का?

कंदमूळ
ते वाळवंटी हवेतलं आहे हे विसरू नका. जिथे आधीच ऊन कमी तिथे सावली दिली तर टोमॅटो नुसता उंच वाढेल. पालक, मेथी, कोथिंबीर, लेट्यूस अशा पानांच्या भाज्यांना दुपारची सावली चालते, उलट उन्हाळ्यात लवकर फुलावर जात नाहीत. आणि शंभर वॉटच्या पॅनलची सावली अर्ध्या चौरस मीटरची, त्याखाली फारतर एक कुंडी. पॅनलच्या खालच्या कडेला पन्हळ लावा त्यापेक्षा, पावसाचं पाणी परत टाकीत.

निवांत
दिव्यांचं काय झालं? कारंज्यावर मी पाणी सोडलं आहे, दिवे तरी द्या.

कंदमूळ
नको. २०१७ साली स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी नेचरमध्ये छापलं होतं, कुरणांत रात्री दिवे लावले तिथे फुलांवर येणाऱ्या निशाचर कीटकांच्या भेटी अंधाऱ्या जागेपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी. बागेत परागीभवन करणारे आपले फुकटचे मजूर, त्यांना कशाला हाकलायचं? लागलाच तर दाराशी एक, पिवळसर, खाली तोंड केलेला, माणूस आला की लागणारा आणि गेला की विझणारा. त्यालाही आतच छोटी बॅटरी आणि पॅनल असतं, पंपाच्या सिस्टिमला जोडायची गरज नाही.

उन्हाचा_कवडसा
हे महत्त्वाचं आहे ताई, पंपाच्या वायरीला दुसरं काहीही जोडू देऊ नका. आमच्याकडे मोबाईल चार्जिंगचा एक पॉइंट होता, मग कुणी स्पीकर लावला, मग कुणी पंखा आणला आणि पाण्याच्या दिवशी पाणी नाही. त्यावरून जे झालं त्याने दोन घरं अजून बोलत नाहीत.

खुरपं
प्रतिसाद काढून टाकला आहे. (दोनदा पडला.)

शेवाळ
१२ व्होल्ट म्हणजे शॉकची भीती नाही ना?

तारतम्य
शॉकची जवळजवळ नाही, आगीची आहे. बॅटरी असेल तर पाना दोन टोकांवर पडला की शेकडो अँपिअर वाहतात, पाना लाल होतो. म्हणून बॅटरीच्या प्लसला लागूनच फ्यूज, हातभर अंतरावर नाही. लेड अ‍ॅसिड चार्ज होताना हायड्रोजन सोडते, बंद पेटीत ठेवू नका. तुमच्याकडे बॅटरी नाही म्हणून हे सगळं वाचलं. पॅनलचं मात्र लक्षात घ्या, उजेड आहे तोवर ते चालूच असतं, त्याला बटण नाही. जोडताना जाड कापड किंवा पुठ्ठा टाका वर. आणि पंप चालू असताना पॅनलच्या वायरींचे एमसी-४ कनेक्टर ओढून काढू नका, पॅनलच्या डीसी विजेचा आर्क (सलग ठिणगी) घरच्या एसीसारखा आपोआप विझत नाही, टोकं जळतात.

गवतीचहा
काल मीटिंग झाली. ठरलं ते लिहिते. १०० वॉटचं एक पॅनल खांबावर, फांदी शाबूत. डायफ्रॅम पंप टाकीतल्या कठड्यावर, मधे कंट्रोलर, बॅटरी नाही, इन्व्हर्टर नाही. वर दोनशे लिटरची पाच गडद पिंपं विटांच्या चौथऱ्यावर, दोन मीटरचं स्टँड बाद. विक्रेत्याला कळवलं तर म्हणाला एवढ्याशा पॅनलवर नाही चालणार, लेखी हमी देऊ शकत नाही. त्याला तारतम्य यांचं गणित पाठवलं, अजून उत्तर नाही.
आता खरी अडचण वेगळीच निघाली. फिल्टर कोण धुणार, पॅनल कोण पुसणार, चावी कुणाकडे. कुणीही हात वर केला नाही. गांडूळराव, तुमचं वेळापत्रकाचं वाक्य मी मीटिंगमध्ये वाचून दाखवलं.

गांडूळराव
मानधन पाठवा.

कंदमूळ
मी मघाशी म्हटलं होतं येते म्हणून. सगळ्यांची बाग म्हणजे कुणाचीच नाही हे पंपाला सगळ्यात आधी कळतं. पाळी लावू नका, माणूस ठरवा. पंपाचा एक माणूस, त्याच्या वाफ्याची वर्गणी माफ. चावी त्याच्याकडे, आणि खोलीच्या दारामागे एक वही टांगा दोरीने पेन बांधून: फिल्टर धुतला, पॅनल पुसलं, पिंपं किती वाजता भरली. भरायची वेळ हळूहळू पुढे सरकायला लागली की समजायचं फिल्टर तुंबलाय किंवा पॅनल मळलंय, मीटर-बिटर लागत नाही. पुसायचं पहाटे, तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही, आणि घासणी वापरायची नाही.

चिकूचीफांदी
वर्गणी माफ ही आयडिया भारी आहे. वाचनखूण साठवली.

शेवाळ
चोरी? शंभर वॉटचं पॅनल एका हातात मावतं.

उन्हाचा_कवडसा
खांब उंच घ्या, नट असे मिळतात जे साध्या पान्याने उघडत नाहीत, ते लावा. आणि काचेच्या मागे बागेचं नाव ऑइलपेंटने मोठ्ठं लिहा, विकायला अवघड जातं.

निवांत
नावाखाली "कारंजं नामंजूर" असंही लिहा.

खुरपं
ताई, एक शंका. पिंपं भरली की पंप बंद कोण करणार? आणि खालची टाकी रिकामी झाली तर?

तारतम्य
दोन फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारी बटणं. एक वरच्या पिंपात, भरलं की बंद. दुसरा खालच्या टाकीत, पाणी पंपाच्या तोंडाखाली जायच्या आधी बंद, कारण पाण्यावाचून फार वेळ कोरडा पळाला तर पंप खराब होऊ शकतो. बहुतेक पंप कंट्रोलरवर दोन्हींसाठी जागा असते. फ्लोटच्या वायरीतून फक्त इशारा जातो, मोटरचा करंट नाही, म्हणून ती बारीक चालते.

खुरपं
आणि त्या वायरी उंदरांनी खाल्ल्या तर?

तारतम्य
लोखंडी पाइपातून न्या. आणि फ्लोट अशा प्रकारे जोडा की वायर तुटली तर पंप बंद पडेल, चालू राहणार नाही. पंप बंद दिसला तर कुणीतरी बघायला येतं, रात्रंदिवस वाहणाऱ्या पिंपाकडे कुणी बघत नाही.

खुरपं
रात्री कसा वाहील, सोलर आहे ना?

तारतम्य
:) बरोबर. दिवसा.